गावच्या फुटबॉल ग्राउंडला कंपनीचं नाव द्यायची ऑफर आलीय, घ्यावी का?

बार्देसकर_स्टॉपर

मंडळी, प्रश्न अर्धा फुटबॉलचा आणि अर्धा कागदपत्रांचा आहे, इथे दोन्हीतले दर्दी आहेत म्हणून विचारतोय.

बार्देशातल्या एका गावच्या स्पोर्ट्स क्लबच्या कमिटीवर आहे मी. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही कारण अजून अर्ध्या गावाला माहीतच नाही, कळलं की तिठ्यावर दुसरा विषय राहणार नाही. ग्राउंड आमचं अगदी टिपिकल, एका बाजूला माड, दुसऱ्या बाजूला सातेरीचं देऊळ, तांबडी माती, पावसाळ्यात गवत गुडघाभर वाढतं आणि चवथ झाली की ते कापून पोरं खेळायला लागतात. पंचायतीने मागे एका साईडला पायऱ्या बांधून दिल्या. चेंजिंग रूम आहे पण तिच्यात सध्या मांडववाल्याचे बांबू आहेत. मेमध्ये इंटर-व्हिलेज टुर्नामेंट घेतो, त्याला फ्लडलाईट भाड्याने आणतो आणि जनरेटरच्या डिझेललाच एवढे पैसे जातात की बक्षिसासाठी मग दारोदार फिरावं लागतं.

आता झालंय असं की गावाच्या वरच्या अंगाला व्हिलांचा प्रोजेक्ट चाललाय त्या कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला आम्ही चार कायमचे फ्लडलाईट पोल, पायऱ्यांवर शेड आणि इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड देतो, वर दहा वर्षं दर वर्षी ठरावीक रक्कम, बदल्यात ग्राउंडचं नाव अमुक-तमुक अरेना. गेटवर कमान, सगळ्या पोस्टरवर तेच नाव, आणि हे ऐका, कॉमेंट्री करणाऱ्याने पण दर वेळी पूर्ण नाव घ्यायचं!! आमचा कॉमेंट्रीवाला मॅच चालू असताना भेलपुरीवाल्याला हाका मारतो तो काय अरेना म्हणणार.

पोरं सगळी हो म्हणतायत, त्यांना दिवे हवेत. जुनी मंडळी म्हणतात सातेरीचं ग्राउंड आहे ते सातेरीचंच राहू दे. आणि तिसरा एक गट आहे, त्यांचं म्हणणं नाव द्यायचंच तर गावचा जो जुना खेळाडू गोव्यातर्फे खेळला आणि मागे वारला त्याचं द्या, विकायचं कशाला. तिघांचंही पटतं मला हीच पंचाईत आहे. युरोपात बरेच मोठे क्लब हेच करतात हे माहीत आहे पण आपल्यासारख्यांनी काय बघायचं? दहा वर्षं हे जास्त आहे का? आणि मुळात आम्हाला असं नाव विकायचा हक्क तरी आहे का? पुढच्या रविवारी कमिटीची मीटिंग आहे.

माशेलचा_लेफ्टविंग

व्हिलावाला?? आज कमानीवर नाव, उद्या ब्रोशरमध्ये "आमच्या प्रोजेक्टला लागून खासगी स्पोर्ट्स अरेना", परवा गेटला वॉचमन आणि पोरांना विचारणार कुठल्या ब्लॉकमधले तुम्ही. ३९अ चे (जमिनीचा झोन बदलून घ्यायच्या कलमाचे) दिवस आहेत पात्रांव, आधी त्या ग्राउंडचा झोन काय दाखवलाय तो बघून ये मग दिव्यांचं बोलू.

पणजीची_हिशेबनीस

झोनचं लेफ्टविंगदादांनी गमतीत म्हटलं असेल पण त्याच्याही आधी वन-फोर्टीन, म्हणजे जमिनीचा उतारा काढा. फॉर्म १ आणि १४ वर ऑक्युपंटच्या रकान्यात कोणाचं नाव आहे? क्लबचं असेल तर प्रश्नच मिटला, पण बार्देशातली जुनी ग्राउंडं बघता ते कोमुनिदादचं (गावच्या मूळ घराण्यांची, म्हणजे गांवकारांची, सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) निघायची शक्यता मला जास्त वाटते, नाहीतर देवस्थानाचं. तुम्ही तिथे तीन पिढ्या खेळत असाल, गवत तुम्ही कापत असाल, पण वापर वेगळा आणि मालकी वेगळी. जे आपलं नाही त्याचं नाव दहा वर्षांसाठी तिसऱ्याला विकून पैसे घेतले तर उद्या कोणीही एक गांवकार उठून विचारू शकतो की हे कोणी ठरवलं. कोमुनिदादचा कारभार १९६१ च्या कोडप्रमाणे चालतो, गांवकारांच्या सभेत विषय येऊन तो वर ॲडमिनिस्ट्रेटरकडे जाण्याचा प्रकार आहे, नुसत्या अध्यक्षांच्या तोंडी होकारावर जाऊ नका. पंचायतीने पायऱ्या बांधल्या म्हणजे पंचायतही मधे आहे. पोल आणि शेड ही पक्की बांधकामं, त्यांनाही परवानगी लागेल.

दुसरं, आणि हे मी जरा ठासून सांगते कारण इथे बरेच क्लब फसतात. कंपनी हे पैसे कुठल्या खात्यातून देणार आहे ते विचारा. ऑफर लेटरमध्ये सीएसआर (कंपनीने समाजकार्यासाठी करायचा खर्च) असा शब्द आहे का? सीएसआरमध्ये ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण बसतं हे खरं, कंपनी कायद्याच्या शेड्यूल ७ मध्येच ते आहे. पण २०२१ ला नियम बदलले तेव्हा स्पष्ट लिहिलं की आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून स्पॉन्सरशिप स्वरूपात केलेला खर्च सीएसआर म्हणून धरता येणार नाही. म्हणजे कमानीवर नाव हवं असेल तर ती जाहिरात, तिचे पैसे मार्केटिंगच्या बजेटमधून यायला हवेत. आणि सीएसआर म्हणून देत असतील तर नाव, कमान, कॉमेंट्री हे मागायचा त्यांना अधिकार नाही. कोपऱ्यात एक छोटी पाटी लावा हवं तर. एकाच पैशात गावाचे आशीर्वाद आणि जाहिरात दोन्ही घ्यायला बघतात, आणि ऑडिटरने आक्षेप काढला की पहिला हप्ता आल्यावर दुसरा थांबतो. सीएसआर बंधनकारक व्हायला कंपनीचा नफा निदान ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी लागतं, त्यामुळे एखादी छोटी कंपनी नुसताच शब्द वापरत असेल हेही शक्य आहे.

स्पॉन्सरशिपवर जीएसटी १८ टक्के आहे. तुम्ही सोसायटी म्हणून रजिस्टर असाल आणि समोर कंपनी असेल तर साधारण रिव्हर्स चार्जने तो कंपनीच भरते, पण ॲग्रीमेंटमध्ये "सर्व करांसहित" असं गुपचूप लिहून तुमच्या गळ्यात घालतात, ते वाक्य शोधा. आणि दिवे, शेड हे वस्तुरूपात देणार म्हणताय तर त्यांची किंमत कोण ठरवणार, दहा वर्षांनी पोल कोणाचे, वीज खात्याचं कनेक्शन कोणाच्या नावावर आणि बिल कोण भरणार हे लिहून घ्या. बल्ब गेला तर क्रेन कोण आणणार हेसुद्धा. हसू नका, चाळीस फुटांवरचा दिवा बदलायला शिडी पुरत नाही.

ऑफसाईड_काका_मडगाव

हिशेबनीस ताईंनी कागदांचं सांगितलं, मी फुटबॉलचं सांगतो, जरा लांबेल.

युरोपचं बघा म्हणतात पण युरोपात पण दोन जाती आहेत. एक, स्टेडियम नवीन आणि नाव पहिल्या दिवसापासून कंपनीचं. आर्सेनलने हायबरी सोडून नवीन बांधायला घेतलं, खर्च ३९ कोटी पाउंडांच्या घरात, तेव्हा २००४ मध्ये एमिरेट्सशी १० कोटी पाउंडांचा करार केला, त्यात १५ वर्षं स्टेडियमचं नाव आणि ८ वर्षं शर्ट. २००६ ला उघडलं ते एमिरेट्स म्हणूनच, आता लंडनमधला पोरगा दुसरं काही म्हणत नाही. बायर्नचं अलियान्झ अरेना २००५ चं, तेही तसंच. जुनं नावच नव्हतं तर पुसायचं काय.

दुसरी जात म्हणजे जुन्या नावावर पाटी मारणं. न्यूकॅसलच्या मालकाने २०११ मध्ये सेंट जेम्स पार्कचं नाव बदलून आपल्याच दुकानांच्या साखळीचं नाव दिलं, स्पोर्ट्स डायरेक्ट अरेना. लोक एवढे खवळले की पुढच्या वर्षी वोंगा नावाची कर्ज देणारी कंपनी स्पॉन्सर झाली तिने नावाचे हक्क विकत घेतले आणि सेंट जेम्स पार्क हेच नाव परत दिलं! म्हणजे नाव न लावण्याची जाहिरात केली, डोकं बघा. (वोंगा पुढे स्वतःच बुडाली ती गोष्ट वेगळी.) डॉर्टमुंडने २००५ मध्ये क्लब दिवाळं निघायच्या टोकावर होता तेव्हा वेस्टफालेनचं सिग्नल इडुना पार्क केलं, पैशांनी क्लबला हात दिला, पण जुने फॅन आजही वेस्टफालेनच म्हणतात. हॅम्बुर्गचं तर विचारूच नका, २००१ ला एओएल, २००७ ला एका बँकेचं, २०१० ला इमटेक, आणि २०१५ मध्ये एका पैसेवाल्या पाठीराख्याने हक्क घेऊन परत जुनं फोक्सपार्क केलं. त्याच वर्षी इमटेकच्या जर्मन कंपनीचं दिवाळं निघालं. चौदा वर्षांत एवढी नावं झाली तर टॅक्सीवाल्याने काय सांगायचं.

आणि नवीन स्टेडियम असलं म्हणजे गिऱ्हाईक रांगेत उभं असतं असंही नाही. टॉटनहॅमने २०१९ मध्ये लंडनमध्ये एवढं मोठं उघडलं आणि वर्षानुवर्षं नावाचा सौदा जमला नाही, त्यांना हवा तो भाव मिळेना.

लांब कशाला, पुण्याजवळचं गहुंजे. सहाराच्या प्रमुखांचं नाव मोठ्या थाटात लावलं, पैसे थकले, नाव झाकायची वेळ आली, आता साधं महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम. म्हणून दहा वर्षांपेक्षा "पैसे आले नाहीत तर किती दिवसांत नाव उतरवायचं आणि उतरवायचा खर्च कोणाचा" हे कलम जास्त महत्त्वाचं.

आता आपलं फातोर्डा. कागदावर १९८९ पासून पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम. मला मडगावात एक माणूस दाखवा जो म्हणतो चल नेहरू स्टेडियमवर जाऊया. फातोर्डा म्हणजे फातोर्डा, २०१५ च्या इंडियन सुपर लीग (आयएसएल) फायनलला आपली एफसी गोवा चेन्नईयिनकडून शेवटच्या मिनिटांत ३-२ ने हरली तेव्हाही शिव्या फातोर्ड्याच्याच नावाने घातल्या. तिथे एखाद्या कंपनीने नाव विकत घ्यायचं तर पैसे कोणाला द्यायचे? स्टेडियम स्पोर्ट्स ऑथोरिटी ऑफ गोवाचं, एफसी गोवा तिथे भाडेकरू. युरोपात सौदा होतो कारण बहुतेक ठिकाणी मैदान क्लबचं स्वतःचं किंवा निदान लांब मुदतीच्या लीजवर असतं. आपल्याकडे क्लबकडे विकायला नाव नाही आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना विकायची गरज नाही, नेत्यांची नावं फुकट द्यायला पुरतात. वर परत मोठी स्पर्धा असली की नाव झाकावंच लागतं, युईफाच्या (युरोपची फुटबॉल संघटना) मॅचला एमिरेट्सचं आर्सेनल स्टेडियम होतं, २०२४ च्या युरोला अलियान्झचं म्युनिक फुटबॉल अरेना झालं होतं, आशियाच्या एएफसीचा नियम पण त्याच धाटणीचा.

आणि आपल्या फुटबॉलला बाजारात भाव काय आहे हे विसरू नका. २०२५ च्या नोव्हेंबरात भारतीय फुटबॉल फेडरेशनने आख्ख्या आयएसएलच्या कमर्शियल हक्कांचं टेंडर उघडलं तर एकही बोली आली नव्हती. एकही!! देशातल्या पहिल्या नंबरच्या लीगला तेव्हा गिऱ्हाईक मिळालं नाही आणि तुमच्या माडाखालच्या ग्राउंडला कोणी दिवे देतोय तर तो फुटबॉलसाठी देत नाही हे डोक्यात ठेवून भाव करा. तो व्हिला विकण्यासाठी देतोय. वाईट नाही त्यात काही, फक्त मग भाव व्हिलाच्या हिशेबाने मागा, बक्षिसाच्या ट्रॉफीच्या हिशेबाने नको.

डिचोली_गोलपोस्ट

काका म्हणतात नेत्यांची नावं फुकट मिळतात त्यावरून आठवलं, मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमच्या जागेसाठी म्हणे क्रिकेट बोर्डाच्या दि मेलोंनी गव्हर्नरला विचारलं होतं सरकारसाठी पैसा हवा की तुम्हाला अमरत्व. साहेबांनी अमरत्व घेतलं, १९३७ ला स्टेडियम झालं आणि नाव अजून आहे. म्हणजे नाव विकायचा धंदा आपल्याकडे जुना, फक्त तेव्हा जमिनीच्या बदल्यात नाव दिलं जायचं.

पण मला वेगळंच सांगायचंय. गोव्यात फुटबॉलला कंपनीचं नाव यात नवीन काय आहे? आपण लहानपणापासून साळगावकर विरुद्ध धेंपो बघत आलो, सेझा होती, पोर्ट ट्रस्टची टीम होती. स्टेडियमला कशाला, आख्खा क्लबच घराण्याच्या नाहीतर कंपनीच्या नावाचा आणि कोणाला खटकलं नाही, उलट धेंपो पाच वेळा देशाचा चॅम्पियन झाला तेव्हा आमच्या वाड्यावर फटाके फुटले. का खटकलं नाही? कारण ते नाव भाड्याने घेतलेलं नव्हतं. खेळाडूला नोकरी तिथेच, पगार तिथेच, जखमी झाला तर डॉक्टर तिथला, मालक स्वतः मॅचला बसलेला.

तरीसुद्धा काय झालं ते आम्ही खाणपट्ट्यातल्या लोकांनी बघितलंय. २०१२ ला खाणी बंद, मग २०१८ ला मार्चमध्ये परत सगळं ठप्प, रस्त्यावरचे ट्रक दारात गंजत उभे. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो यांनी आय-लीगमधून (तेव्हाची देशाची वरची लीग) अंग काढून घेतलं. त्यांनी कारण दिलं फेडरेशनच्या नव्या रचनेचं आणि ते कारण खरंच होतं, आयएसएल वर आणि आय-लीग खाली असं ठरत होतं तर पैसे कोण घालणार, पण खाणी जोरात चालू असत्या तर एवढ्या लवकर हात वर केले असते का असं इकडे लोक विचारतातच. आणि आमच्या भागातल्या छोट्या गावच्या टुर्नामेंट तर सरळ सरळ ट्रकमालक आणि खाण ऑफिसच्या वर्गणीवर चालायच्या, त्या खाणींबरोबरच बसल्या. काही परत उठल्याच नाहीत.

म्हणून माझं मत, घ्या, जरूर घ्या, पण दर वर्षीच्या रकमेवर क्लब चालवायची सवय लावून घेऊ नका. रिअल इस्टेट म्हणजे आज तेजी. ती रक्कम आली तर अंडर-१३ च्या पोरांचा कोच ठेवा, आणि ती बंद झाली तर गेट उघडंच राहील एवढं क्लबचं स्वतःचं उत्पन्न ठेवा.

सासष्टीची_रेफ्री

आमच्या वाड्यावर हे होऊन गेलंय, कंपनीचं नाव घेत नाही. ऑफर तुमच्यासारखीच, फक्त दिवे नव्हते, कमान आणि जर्सी होत्या आणि वार्षिक रक्कम. पहिल्या वर्षी मोठा समारंभ, फुगे, आमदार, ढोल-ताशे. दुसऱ्या वर्षी त्यांचा मार्केटिंगवाला बदलला, नवीन माणसाला ग्राउंड कुठे आहे तेच माहीत नव्हतं, पैसे सहा महिने उशिरा. त्याच्या पुढच्या वर्षी फोन उचलणं बंद. आणि कमान? ती लोखंडी, बोल्ट काँक्रीटमध्ये रोवलेले, उतरवायची तर गॅस कटरवाला आणि टेम्पो लागणार, ते पैसे क्लबकडे नाहीत. दोन पावसाळ्यांत अक्षरं सुटायला लागली. पहिली तीन पडली, राहिलेल्या अक्षरांचा असा शब्द झाला की तो इथे लिहिला तर ॲडमिन मला काढतील. शेवटी एका नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर कोणीतरी तिच्यावर ताणून बांधला, तो फाटला की दुसरा येतो, कमान आता बॅनर बांधायच्या कामाला.

मॅच रिपोर्टवर मी आजही ग्राउंडचं जुनंच नाव लिहिते. असोसिएशनच्या फिक्श्चरमध्ये पण जुनंच येतं कारण त्यांना कोणी बदललेलं कळवलंच नाही. नाव विकत घेणाऱ्याला हे कळत नाही की तिकीट नाही, टीव्ही नाही, तर नाव लोकांच्या तोंडी जाणार कुठून. तुमच्याकडचा तो माणूस कॉमेंट्रीचा हट्ट धरतोय तो त्या मानाने हुशार म्हणायचा, गावच्या ग्राउंडवर भोंगा हाच काय तो ब्रॉडकास्ट.

एक करा. सगळे पैसे वर्षाच्या सुरुवातीला आगाऊ, आणि कमान उतरवायच्या खर्चाचं डिपॉझिट पहिल्याच दिवशी. आम्हाला तेव्हा कोणी सांगणारं नव्हतं.

बार्देसकर_स्टॉपर

सगळ्यांना देव बरें करूं. दोन दिवसांत बरंच काम झालं.

वन-फोर्टीन काढलं. हिशेबनीस ताई, तुमचं बरोबर, ऑक्युपंट म्हणून कोमुनिदाद, क्लबचं कुठेच नाव नाही. आमच्या खजिनदाराला हे बघून घाम फुटला कारण तो आजपर्यंत "आपलं ग्राउंड, आपलं ग्राउंड" करत होता. ऑफर लेटर परत वाचलं, त्यात दोन ठिकाणी सीएसआर आहे आणि त्याच पानावर "एक्स्क्लुझिव्ह ब्रँडिंग" पण आहे. कंपनीच्या माणसाला फोन करून विचारलं नक्की कुठलं ते सांगा तर म्हणाला लीगलला विचारून कळवतो. अजून कळवतोय.

करारात "सर्व करांसहित" सापडलं. पान ४.

मी कमिटीत असं मांडायचं म्हणतोय की ग्राउंडचं नाव सोडून द्या, ते आमच्या हातातलं नाहीच. शेडला त्यांचं नाव द्या, स्कोअरबोर्डवर लोगो लावू द्या, टुर्नामेंटच्या नावाआधी त्यांचं नाव लावा, कॉमेंट्रीवाला टुर्नामेंटचं नाव घेईलच. चालेल का असं? की ते पळून जातील?

ऑफसाईड_काका_मडगाव

पळाले तर पळू दे. अर्धवट नाव देण्याची पद्धत जगभर आहे, स्टँडला एकाचं, एंडला दुसऱ्याचं. अहमदाबादच्या स्टेडियमला पंतप्रधानांचं नाव आहे आणि बॉलिंगच्या एंडना अदानी आणि रिलायन्स, आख्ख्या मॅचभर कॉमेंटेटर एंडचंच नाव घेत बसतो. मुंबईत मेट्रोच्या स्टेशनांना पण तसंच केलंय, जागेचं नाव ठेवून पुढे कंपनी चिकटवलीय, एचडीएफसी लाइफ महालक्ष्मी वगैरे. ऐकायला विचित्र वाटतं पण निदान माणूस उतरतो महालक्ष्मीलाच.

टुर्नामेंटचं नाव मात्र वर्षावर्षाने द्या, दहा वर्षांचं नको. हिरो मोटोकॉर्प आयएसएलला २०१४ पासून होती, २०२३ मध्ये बाहेर पडली आणि लीग परत नुसती आयएसएल झाली, काही बिघडलं नाही, तेवढा सुटसुटीतपणा ठेवा.

माशेलचा_लेफ्टविंग

आणि त्या जुन्या खेळाडूचं? त्याचं नाव कुठे लावणार, की तिसऱ्या गटाला बाजूला ठेवायचं?

मला विचाराल तर ट्रॉफीला लावा. व्हिलावाल्याच्या शेडखाली बसून लोक त्याच्या नावाची ट्रॉफी बघतील, घरच्यांना बोलवा बक्षीस द्यायला. ग्राउंडला नाव देऊन काय, गवत वाढलं की पाटी दिसत नाही.

बार्देसकर_स्टॉपर

ट्रॉफीचं आवडलं, मांडतो. त्याची बायको गावातच असते, आधी तिला विचारतो.

शेडचं कमिटीतल्या दोघांना सांगितलं, एक म्हणाला मग दिव्यांचे पोल ते देणार नाहीत. कदाचित नाही देणार.

पणजीची_हिशेबनीस

पोल नाही दिले तरी घाई करू नका. कोमुनिदादची परवानगी आल्याशिवाय एकही खड्डा मारू देऊ नका, फुकटात मिळतंय म्हणून कमिटीवाले आधी काम चालू करतात आणि मग कागदामागे धावतात. सभेला विषय घालताना क्लबला त्या जागेचा लीज मिळावा हा ठराव पण त्याच सभेत टाका, संधी आहे. ते व्हायला वेळ लागेल पण झालं तर पुढच्या वेळी कोणी नाव विकत घ्यायला आला तर निदान तुमच्याकडे बोलायला काहीतरी असेल.

आणि वीज कनेक्शन कंपनीच्या नावावर घेऊ देऊ नका. त्यांचा प्रोजेक्ट विकून झाला की ते मीटर बंद करून जातील आणि तुम्ही परत जनरेटरवर.

सासष्टीची_रेफ्री

मीटर क्लबच्या नावावर घेतलात तर दर कुठला लागणार ते आधी विचारून घ्या, आणि टुर्नामेंटच्या एंट्री फीमध्ये दिव्यांचे पैसे धरा. पोरांना सांगा प्रॅक्टिस संपली की मेन स्विच ऑफ. आमच्याकडे रात्रभर चालू राहायचे, खाली दोन कुत्री सोडून कोणी नसायचं.

बार्देसकर_स्टॉपर

स्विचची चावी खजिनदाराकडे देणार, तो देवळातले पंखे पण बंद करत फिरतो. रविवारच्या मीटिंगनंतर कळवतो इथे.